चंदेरीचे दोन हात

टाकी क्रमांक तीन. कुंडई, वसाहतीचा मागचा रस्ता,
जिथे कुंपणाला लागून काजूची झाडं
कंपनीच्या बाजूची पानं गाळतात,
गावाच्या बाजूची ठेवतात.

मी तिला एप्रिलात रंगवलं.
चौरस मीटरमागे मजुरी, ब्रश माझा.
वायरब्रश फिरवला तसे गंजाचे पोपडे सुटले,
आधी नखाएवढे, मग पापडाएवढे,
आणि खालून कारापूरकर ओरडले:
"सुर्लकार, चड खरवडूं नाका.
रंग मार. सोमारा इन्स्पेक्शन."

आम्लाचं एक असतं.
मला हे शाबू गावड्याने सांगितलं,
बारा वर्षं तो पंपावर:
दाट आहे तोवर ते लोखंडाशी नांदतं.
पण त्याला तहान फार.
झाकणाचं रबर गेलं की आमची ही हवा,
जी बरणीतल्या मिठाला पाणी सोडायला लावते,
ती पीत पीत ते पातळ होतं,
आणि पातळ झालं की जेवायला बसतं.
"जेवताना ढेकर देतं," शाबू म्हणायचा,
"तो छपराखाली साठून राहतो. वास नाही, रंग नाही.
ठिणगी तेवढी दाखवू नये त्याला."

वरून दुसऱ्या पट्ट्यात, शिडीच्या डाव्या अंगाला,
एका जागी माझा अंगठा दबला,
पिकल्या चिकूत दबावा तसा.
मी अंगठा काढला.
खाली पाहिलं. कुणी पाहत नव्हतं.
लांबी भरली, पॉलिश पेपर मारला,
त्यावर चंदेरीचे दोन हात.

आमच्या धंद्यात असंच म्हणतात. एक हात. दोन हात.

सोमवारी साहेब आले, सावलीतूनच बघून गेले.
टाकी खरंच देखणी दिसत होती.
म्हार्दोळच्या बसमधून चमकायची,
मी मुलीला दाखवली होती.

ऑगस्टात माझ्या लांबीतून थेंब आला.
थेंबाला ठिगळ, ठिगळाला वेल्डर.
सिल्वेस्टर एक्का, सुंदरगढचा, वय चोवीस,
कामावर अकरावा दिवस.
परमिटवर सही झाली जेवणाच्या सुट्टीत,
"गॅस तपासला" ह्या रकान्यात बरोबरची खूण.
तपासायचं यंत्र बेळगावला दुरुस्तीला होतं.
पावसाने तासभर उघडीप दिली, तेवढ्यात उरकायचं ठरलं.
शिडी शाबूने धरली.
शिडी धरणं त्याचं काम नव्हतं.
पोरगा नवा, म्हणून.

छप्पर काजूच्या झाडांत सापडलं.
पुढचं मी सांगत नाही.

चौकशीत विचारलं, रंग किती लागला?
बावीस लिटर.
काम करताना काही आढळलं?
पंखा फिरत होता, कागदांवर पेपरवेट होते.
मी म्हटलं, रंगारी आहे साहेब.
त्यांनी तेवढंच लिहून घेतलं
आणि मला पाणी दिलं.

तेव्हापासून अंगठ्याला खोड लागलीय.
बसच्या खिडकीची चौकट दाबून बघतो,
गॅस सिलिंडरचं बूड, शाळेच्या जिन्याचा कठडा,
शाबूच्या घरी गेलो तर तिथलं लोखंडी फाटकसुद्धा.
त्याची बायको म्हणाली, भावजी, या ना आत.
मी फाटकच दाबत राहिलो.

नवव्या दिवशी एक्काचा भाऊ आला.
मी उरलेल्या बिलासाठी गेटवर.
त्याच्या हातात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं
वेल्डिंग परीक्षेचं प्रमाणपत्र,
जणू ते दाखवलं तर काही मिळेल.
वॉचमन बोलेना, म्हणून मला विचारलं, कौन सा?
मी बोट केलं.
छप्पर नसलेली, एका अंगाने उसवलेली,
पावसाने धुऊन निघालेली
टाकी तीन चार वाजताच्या उन्हात उभी होती.
तो बराच वेळ पाहत राहिला.
मग, माझीच समजूत काढावी
इतक्या हळू म्हणाला,
रंग तो नया है.

मी म्हटलं, हां.